वडिलांचं पोट साफ होत नाही : कलिंगड द्यावं की खरबूज? (सांगली)

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. वडील ७४ वर्षांचे. उन्हाळा लागला की पोट साफ होत नाही. इसबगोल नको म्हणतात, घशात चिकटतं. शेजारच्या काकूंच्या सल्ल्याने रात्री जेवणाऐवजी पोटभर कलिंगड दिलं. पोट टम्म फुगलं आणि रात्रभर लघवीला उठणं झालं ते वेगळंच. खरबूज देऊन बघू का? किती आणि कधी? बीपीची गोळी चालू आहे.

मिरजेची_सून
रात्री कलिंगड?? अहो दादा, दुपारी चारला द्या. आमच्या सासूबाईंना खरबूज मानवलं. पण दुधात घालून नको, आमचे वैद्य विरुद्ध आहार म्हणतात.

ताटवाटी
आहारतज्ज्ञ आहे म्हणून जरा सविस्तर. कलिंगडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी, चोथा मात्र १०० ग्रॅमला जेमतेम ०.४ ग्रॅम. खरबुजात ०.९ च्या आसपास. पेरूत ५. म्हणजे ही फळं पाणी पोचवतात, झाडू मारायचं काम चोथ्याचं. फुगण्याचं कारण कलिंगडातलं फ्रुक्टोज, म्हणजे फळातली साखर. ते सगळं शोषलं गेलं नाही की मोठ्या आतड्यात आंबतं आणि गॅस धरतो. खरबुजात हा त्रास सहसा कमी. वाटीभर फोडी दुपारच्या खाण्याला द्या, रस गाळून नको, आहे तेवढा चोथाही जातो. जोडीला पेरू, भिजवलेलं सुकं अंजीर, पालेभाजी हवीच.
एक महत्त्वाचं. खरबुजात, तसंच पेरू-अंजिरातही पोटॅशियम बऱ्यापैकी असतं आणि बीपीच्या टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनीही रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. किडनी कमजोर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शौचातून रक्त किंवा वजन घटत असेल तर फळांचा नाद सोडून थेट दवाखाना.

कृष्णाकाठचा_गडी
ताई बरोबर बोलल्या. घ्यायचं कसं ते मी सांगतो, आमचा प्लॉट आहे. कलिंगड वाजवत बसू नगा, बुड बघा. जमिनीला टेकलेला डाग लोण्यासारखा पिवळा पायजे, पांढरा असला तर कच्चं. खरबूज देठाकडं हुंगायचं, वास आला की घ्या. अन् कापायच्या आधी धुवा ओ! खरबुजाच्या सालीवरच्या जाळीत माती बसती, सुरीबरोबर आत जाती. गाड्यावरच्या कापलेल्या फोडी तर नकोच.

विश्रामबागकर
आभार सगळ्यांचे. गोळी टेल्मिसार्टनचीच निघाली! क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट गेल्या वर्षीचा आहे, इथे टाकू का?

ताटवाटी
इथे नको, आणि तो जुना झाला. नवीन करून डॉक्टरांनाच दाखवा. पेरूतही पोटॅशियम असतंच, म्हणून तोही डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. पण दात कसे आहेत काकांचे?

विश्रामबागकर
कवळी आहे.

मिरजेची_सून
मग पेरूच्या बिया काढून, बारीक किसून द्या. वर चिमूटभर जिरेपूड.