मदत हवी आहे: घरी शिकणाऱ्या मुलीला सवंगडी कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. लेक 10 वर्षांची, गेली 3 वर्षं घरीच शिकतेय. अभ्यासाची काळजी नाही. 14 पूर्ण झाली की एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळ) दहावीला बसवायचं ठरलंय. घोडं अडलंय ते सवंगड्यांपाशी.

खो-खोला घातलं होतं. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "कितवीत?" ही म्हणाली, "कितवीतच नाही." सगळं मैदान हसलं. तरी रमली. सूर मारून गडी टिपायला शिकली, गुडघे फोडून घेतले. मग आंतरशालेय स्पर्धा आल्या आणि शाळेचं बोनाफाईड मागितलं. ते आणायचं कुठून? बाकीच्या खेळल्या, ही पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसली. आता ग्राउंडचं नाव काढत नाही.

तबल्याचा क्लास बरा चाललाय, पण तासभर वाजवून जो तो घरी पळतो. (सोसायटीतल्या काकूंचं "एकलकोंडी होईल हो" चालूच असतं, ते सोडा.) बुधवारी सकाळी वेताळ टेकडीवर आमच्यासारखीच दोन कुटुंबं येतात, पण त्यांची मुलं पाच-सहा वर्षांची. ही तिथे नुसती ताईगिरी करते.

तर कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागात 9 ते 12 वयाची घरी शिकणारी मुलं आहेत का? शाळेच्या दाखल्याशिवाय खेळू देणाऱ्या स्पर्धा कुणाला माहीत आहेत? आणि तुमच्या मुलांना असं बाहेर बसावं लागलं, तेव्हा त्यांना काय सांगितलंत? मला तर त्या दिवशी काही सुचलंच नाही.

टेकडीवर यायचं असेल तर जरूर या, डब्यात थालीपीठ असतं.