शिखर माहीत नसेल तर चढायचं कुठे?

अर्धविराम (धागालेखक)

आदर्श समाजाचं चित्र रंगवणं हे राजकीय तत्त्वज्ञानाचं काम आहे का? मला वाटतं, नाही.

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ साली एक क्रम घालून दिला: आधी पूर्ण न्याय्य समाजाची तत्त्वं ठरवू, मग आपल्या खडबडीत जगाकडे वळू. १९९९ मध्ये तर त्याने 'वास्तववादी युटोपिया' (युटोपिया म्हणजे कल्पनेतला आदर्श समाज) असा शब्दच वापरला. अमर्त्य सेन यांनी २००९ मध्ये या क्रमावरच बोट ठेवलं. किलिमांजारो उंच की मॅकिन्ले, हे सांगायला एव्हरेस्ट सगळ्यांत उंच आहे हे कशाला माहीत हवं? दोन्ही मोजा. ५,८९५ मीटर आणि ६,१९० मीटर, संपला विषय. गुलामगिरी बंद करा म्हणणाऱ्यांचं तरी परिपूर्ण समाज कसा असतो यावर कुठे एकमत होतं? डोळ्यांसमोरचा अन्याय दिसत होता, तेवढं पुरलं. बाकी बोलाचीच कढी.

आणि मूळ युटोपियात तरी कोण राहायला जाईल? थॉमस मोरच्या १५१६ सालच्या 'युटोपिया' पुस्तकातल्या त्या बेटावर दिवसाला सहाच तास काम, दारांना कुलूप नाही, सोन्याचा उपयोग काय तर मुतायची भांडी. इथवर सगळे खुशीत वाचतात. त्याच बेटावर परवान्याच्या चिठ्ठीशिवाय हद्दीबाहेर सापडलात तर शिक्षा होते, आणि दुसऱ्यांदा सापडलात तर गुलाम होता. गुलामांच्या बेड्याही सोन्याच्याच आहेत.

रात्रपाळी

सेन यांचा दाखला उंची मोजणाऱ्याला लागू पडतो, चढणाऱ्याला नाही. तत्त्वज्ञ ए. जॉन सिमन्स यांनी २०१० मध्ये हेच दाखवून दिलं. समोरची टेकडी आहे त्या जागेपेक्षा उंच, म्हणून चढलात. माथ्यावर पोचल्यावर कळलं की मोठा डोंगर दरीपलीकडे आहे आणि तिकडे जायचं तर आलेली सगळी वाट उतरायची. प्रत्येक पाऊल 'आधीपेक्षा बरं' होतं, तरी चुकलात. शेवटी कुठे पोचायचंय याचा काहीतरी अंदाज नसेल तर हे टाळणार कसं?

तिरकस

थोडक्यात, टेकडीवर जेमतेम टेकलेल्यांना सांगायचं, उतरा. शुभेच्छा.

जुना वाचक

तिरकस, थट्टा बाजूला ठेवा, दुखणं तिथेच आहे. तत्त्वज्ञ जेराल्ड गाउस यांनी २०१६ मध्ये हा पेच नीट मांडला. आपल्याला आजच्या जगाच्या आसपासची जगंच बऱ्यापैकी कळतात. जितकं लांबचं जग, तितकं धुकं दाट. आणि आदर्शवादी म्हणतो की त्या धुक्यातल्या शिखरासाठी हातातली खात्रीची सुधारणा सोडा, थोडं खाली उतरा. उतरणार कोण? चित्र काढणारा क्वचितच उतरतो.

चित्र काढणाऱ्यांत ब्रिटिश गिरणीमालक रॉबर्ट ओवेन त्यातल्या त्यात प्रामाणिक. १८२५ मध्ये त्याने अमेरिकेतल्या इंडियानात अख्खी वसाहत विकत घेतली, नाव ठेवलं न्यू हार्मनी. दोनेक वर्षांत प्रयोग बसला. पण पैसे त्याचे बुडाले, आणि ज्याला पटलं नाही तो सामान उचलून चालता झाला. मोरच्या बेटावर नेमकी ही सोय नाही. माझा आक्षेप चित्राला नाही, बाहेरचं दार बंद करण्याला आहे.

उंबरठा

धागालेखकाने गुलामगिरीचं उदाहरण फार घाईत उरकलंय. १८२३ मध्ये लंडनमध्ये जी संस्था निघाली तिच्या नावातच 'क्रमाक्रमाने' निर्मूलन होतं. पुढाऱ्यांना तीच व्यवहार्य वाट वाटत होती. १८२४ मध्ये एलिझाबेथ हेरिक यांनी पत्रक काढून म्हटलं: क्रमाक्रमाने नाही, ताबडतोब. बाईंनी वेस्ट इंडीजच्या साखरेवर बहिष्कार घालायला लोकांना उभं केलं.

मग १८३३ चा, गुलामगिरी बंद करणारा ब्रिटिश कायदा आला. त्यात काय होतं? मालकांना २ कोटी पौंड भरपाई. ज्यांना राबवलं त्यांना शून्य. उलट मळ्यांवरच्या मजुरांनी आणखी सहा वर्षं त्याच मालकांकडे 'उमेदवारी' करायची. उमेदवारी! जन्मभर ऊस तोडलेल्या माणसाने आता काम शिकायचं होतं. ती १८३८ मध्ये मोडीत निघाली. सेन यांच्या फूटपट्टीने हा कायदा आधीच्या स्थितीपेक्षा सरसच, वाद नाही. पण त्यातली खोट त्या फूटपट्टीवर दिसतच नाही.

अर्धविराम

हेरिकबाई माझ्याच बाजूच्या. त्यांनी कुठलं बेट रंगवलं नाही. एक अन्याय दाखवला आणि म्हणाल्या, आजच थांबवा. 'ताबडतोब' म्हणजे युटोपिया नव्हे.

रात्रपाळी

पण त्या काळी त्यांना स्वप्नाळूच ठरवलं असतं ना? तत्त्वज्ञ डेव्हिड एस्टलंड यांचं २०२० चं पुस्तक याच धास्तीवर आहे. त्यांचा मुद्दा साधा आहे: 'लोक असं करणार नाहीत' आणि 'लोकांना असं करता येत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मळेवाला फुकट सोडणार नाही, म्हणून त्याने फुकट सोडायला हवं होतं हे खोटं ठरत नाही. आपण पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि तिला व्यवहारज्ञान म्हणतो.

जुना वाचक

मान्य. तरी 'हे व्हायला हवं होतं' एवढ्यावर राजकारण होत नाही. मला त्यापेक्षा समाजशास्त्रज्ञ एरिक ओलिन राइट यांची पद्धत पटते. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेत १९८९ पासून वस्त्यावस्त्यांच्या सभांत लोक ठरवू लागले की महापालिकेचा पैसा गटारावर जाईल की रस्त्यावर. असल्या प्रयोगांनाच ते २०१० च्या पुस्तकात 'खरेखुरे युटोपिया' म्हणतात. करून बघा, जमलं नाही तर मागे फिरा.

तिरकस

गटाराला युटोपिया म्हणणारा हा पहिलाच असावा. आवडला.

उंबरठा

आवडला मलाही. पण अर्धविराम, तुम्ही निसटलात. १८३३ मधली भरपाई चूक होती की नव्हती? तुलना नको. नुसतं हो किंवा नाही.

अर्धविराम

चूकच होती. आणि ते म्हणायला मला कुठलंही शिखर लागत नाही. माणसाची किंमत मालकाला मोजून दिली, म्हणजे तो त्याचा होता हे कायद्याने शेवटच्या दिवशीही मान्य केलं. आणि माणूस तर कधीच कुणाचा…

हं. हे वाक्य मी कशाच्या आधारावर लिहितोय, ते बघावं लागेल. रात्री निवांत लिहितो.