सेलूत कराटे क्लास टाकायचाय, जुन्या सरांनी जरा खरंखरं सांगा

सेलूकर:
नमस्कार मंडळी. माझा शोतोकानचा (कराटेची एक शैली) ब्लॅक बेल्ट झालाय, पुण्यातली नोकरी सोडून गावी आलोय आणि क्लास चालू करायचा विचार करायलोय. मंगल कार्यालयाचा हॉल सकाळी मिळतोय, लग्नाच्या तिथीला तेवढा बंद. पण ज्या पालकाशी बोलावं तो पहिलं हेच विचारतो, सर बेल्ट किती महिन्यात देता? इथल्या एका क्लासवाल्यानं तर दर तीन महिन्याला परीक्षा ठेवलीय. तुम्ही शिकता शिकता सर कसे झालात, घर कसं चालतं, सांगा की.

बीडचा_मास्तर:
भाऊ, क्लासचं पोट महिन्याच्या फीवर भरत नाही, बेल्टच्या परीक्षेवर भरतं, सगळी गोम तिथंच आहे. मी शिकलो नगरपालिकेच्या शाळेच्या पटांगणात, खाली मुरूम, ड्रेस टेलरकडून शिवलेला, आणि आमच्या सरांनी पांढऱ्या बेल्टवर इतकं रगडलं की हेइआन शोदानच्या, म्हणजे आमच्या पहिल्या काताच्या (ठरलेल्या हालचालींच्या साखळीच्या), २१ हालचाली मी आजबी झोपेत करीन. स्पर्धा खेळलो, मेडल आणले, पण खरं कराटे कळलं ते शिकवायला लागल्यावर. एका लेकरानं विचारलं, सर, मारणारा हात पुढं जातोय मग दुसरा कमरेला कामून ओढायचा? मग त्याचंच मनगट धरलं, माझ्याकडं ओढलं आन् दुसरा हात नाकापुढं नेऊन थांबवला. गडी हसायलाच लागला, त्या दिवसापासून त्याचा हात कधी ढिला राहिला नाही.

माझ्याकडं बरीच लेकरं ऊसतोडीवाल्यांची. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे ऊस गाळप संपलं, की परत. तीन महिन्याच्या हिशोबात ही लेकरं कुठं बसवणार? म्हणून मी तारीख ठेवतच नाही, लेकरू तयार दिसलं की त्याची परीक्षा घेतो. एक पोरगी होती, टेक्निक एकदम कडक पण किआई म्हणून, म्हणजे वार करताना ओरडायला, तोंडातून आवाज निघंना, घरी पोरीनं मोठ्यानं बोलायचं नाही असं वळण. तिला निळा बेल्ट लई उशिरा दिला, बाप भांडायला आला होता. आता ती ओरडली की रस्त्यावरचे लोक वळून बघतात.
घर म्हणशील तर सकाळ-संध्याकाळ क्लास, दुपारी एका शाळेत मानधनावर, वरून थोडी शेती. नुसत्या क्लासवर लग्न जमणार नाही, सांगून ठेवतो 😄

लातूरची_माय:
मास्तर तुमचं पटलं ओ, पण बारक्या लेकरांचं काय? माझा मुलगा पिवळा बेल्ट उशाला घेऊन झोपायचा, तो मिळाला नसता तर महिन्यातच क्लास सोडला असता. लहानांना थोडं लवकर दिलं तर काय बिघडतं? आणि दहावीचे क्रीडा गुण त्या बेल्टवर मिळतात का, आमच्या सरांनी तसंच सांगितलंय.

संभाजीनगरचा_पंच:
ताई, बेल्टच्या सर्टिफिकेटवर गुण मिळत नाहीत, मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळून दाखवावं लागतं. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण पण तसंच, तिथंबी स्पर्धेतली कामगिरीच बघतात. आणि ऑलिंपिकचं स्वप्न विकणारे सर भेटले तर विचारा की कराटे होतं फक्त टोकियोत, २०२१ ला, पॅरिसला २०२४ मध्ये नव्हतंच.
बेल्टचं म्हणाल तर ती पद्धत मुळात कराटेची नव्हेच. ज्युदो सुरू करणाऱ्या कानोंकडून शोतोकानच्या फुनाकोशींनी घेतली, पहिले ब्लॅक बेल्ट दिले १९२४ ला. त्याआधी ओकिनावात, म्हणजे कराटे जिथं जन्मलं त्या जपानी बेटावर, लोक बिनबेल्टचेच शिकत होते. पण लहानांबद्दल मी ताईंच्या बाजूनं आहे, पिवळा-नारंगी सढळ हातानं द्या, खरी कात्री काळ्याच्या आधीच्या ब्राऊनला लावा.

सेलूकर:
मास्तर, पंच साहेब, लई उपकार. मग असं करतो, महिन्याची फी थोडी जास्त ठेवतो आणि परीक्षेला फक्त बेल्ट-सर्टिफिकेटचा खर्च घेतो. अजून एक, हॉलला शहाबादी फरशी आहे, मॅट सुरुवातीलाच घ्यावी का?

बीडचा_मास्तर:
स्टान्स (उभं राहायची पद्धत) आणि काता फरशीवर चालतं, कुमितेला (दोघांच्या लढतीला) अन् पाडापाडीला मॅटच पाहिजे. आधी थोड्याच घे, मधोमध जोड. आणि तिथीचं कॅलेंडर हॉलवाल्याकडून आत्ताच मागून घे, नाहीतर वैशाखात तुझा क्लास मांडवात भरायचा.