मदत हवी आहे : घरी केलेल्या साबणातील सुगंधी तेलांचे प्रमाण कसे ठरवावे?

नमस्कार.

गेली तीन वर्षे मी थंड पद्धतीने, म्हणजे तेले आणि सोड्याचे पाणी न शिजवता एकत्र करून, घरच्यापुरता साबण करते. विकत नाही, दिवाळीला नातेवाइकांकडे आणि शेजारी दोन-दोन वड्या देते, एवढेच. या दिवाळीच्या साबणाने माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या दोन्ही मनगटांवर पुरळ उठले. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, पण माझ्या हातच्या वस्तूने घरातल्या माणसाला त्रास झाला ही गोष्ट मनातून जात नाही. नेमके काय चुकले हे समजेपर्यंत पुढचा साबण करायचा नाही असे मी ठरवले आहे. म्हणून सगळा तपशील येथे मांडते. जाणकारांनी कृपया वाचून मत द्यावे.

तेले एकूण एक किलो होती : खोबरेल ४०० ग्रॅम, राइस ब्रान ५०० ग्रॅम आणि एरंडेल १०० ग्रॅम. कॉस्टिक सोडा १४३ ग्रॅम, म्हणजे पाच टक्के तेल साबण न होता मोकळे राहील अशा हिशेबाने, आणि पाणी ३०० ग्रॅम. सुगंधासाठी गवती चहाचे तेल २० ग्रॅम, लवंगेचे तेल १२ ग्रॅम आणि संत्र्याच्या सालीचे तेल १० ग्रॅम घातले. ही तिन्ही तेले 'शुद्ध, नैसर्गिक' म्हणूनच विकत घेतलेली होती. साबण सप्टेंबरमध्ये केला आणि पूर्ण सहा आठवडे जाळीवर वाळवला. वाटण्यापूर्वी, मोकळा सोडा उरला आहे का हे कळावे म्हणून, वडीच्या कोपऱ्याला जीभ लावून पाहिली. चटका बसला नाही.

एक गोष्ट तेव्हा मी फारशी मनावर घेतली नव्हती, ती आता सांगणे भाग आहे. लवंगेचे तेल ओतताच मिश्रण पाहता पाहता घट्ट होऊ लागले. एरवी भज्यांच्या पिठासारखे सैल असणारे मिश्रण अर्ध्या मिनिटात उकडीसारखे झाले, आणि मला ते चमच्याने दाबून साच्यात भरावे लागले. दुसऱ्या दिवशी वड्या कापल्या तेव्हा तीन-चार वड्यांच्या कापलेल्या बाजूवर मुगाच्या दाण्याएवढे पिवळसर, ओलसर ठिपके होते. बोट लावले की लवंगेचा उग्र वास बोटाला राहत असे. वाळल्यावर ठिपके दिसेनासे झाले, म्हणून मी त्या वड्याही वाटल्या.

जाऊबाईंनी पाडव्यापासून हा साबण वापरायला घेतला. पहिले तीन आठवडे काहीही झाले नाही. दुसरी वडी सुरू केल्यावर मनगटांना, विशेषतः पाटल्यांच्या खाली, खाज सुटू लागली. मग बारीक लाल पुरळ आले आणि कातडी खरखरीत झाली. डॉक्टरांनी मलम दिले, साबण बंद केला, आणि दहा दिवसांत सगळे शांत झाले. पुढे त्या आमच्याकडे जेवायला आल्या असताना मोरीतल्या त्याच साबणाने एकदाच हात धुतले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुरळ पुन्हा उठले. घरात आम्ही इतर पाच जण तोच साबण वापरतो. कोणालाही काही झालेले नाही.

आता माझे प्रश्न. तीन आठवडे सोसलेली वस्तू अचानक का बाधावी? बेचाळीस ग्रॅम सुगंधी तेल हे एक किलोच्या मानाने जास्त झाले का, आणि ही टक्केवारी मूळ तेलांच्या वजनावर काढायची की तयार साबणाच्या? साबण धुऊन जातो, त्यामुळे त्यातील सुगंधाने फारसे बिघडत नाही असे मी आजवर समजत आले. ते कितपत खरे आहे? याशिवाय रविवार पेठेतील एका दुकानातून आणलेली मोगऱ्याच्या सुगंधाची बाटली माझ्याकडे पडून आहे. तिच्यावर 'मोगरा, नंबर १' याखेरीज काहीही लिहिलेले नाही. दुकानदार म्हणाले की अगरबत्तीवाले, मेणबत्तीवाले आणि साबणवाले सगळे हेच नेतात. ती वापरावी का? आणि उरलेल्या चौदा वड्यांचे काय करावे? त्यातील दोन मी भाचीच्या सात महिन्यांच्या बाळासाठी बाजूला ठेवल्या होत्या.

प्रतिसाद : वाळा

आपण वजने नीट लिहिलीत, त्यामुळे हिशेब करता येतो. पुष्कळ जण 'वीस थेंब' असे लिहितात आणि मग काहीच सांगता येत नाही, कारण थेंबाचे वजन तेलागणिक आणि ड्रॉपरगणिक बदलते.

टक्केवारी तयार साबणाच्या वजनावर काढायची. आपल्या साच्यात एकूण सुमारे १,४८५ ग्रॅम माल गेला, म्हणजे बेचाळीस ग्रॅम सुगंधी तेल २.८ टक्के झाले. वड्या वाळून पाणी उडाल्यावर हे प्रमाण थोडे वाढते. घरगुती साबण करणाऱ्यांत तीन टक्क्यांपर्यंतचा आकडा सर्रास चालतो, पण मला तो आकडाच दिशाभूल करणारा वाटतो. तीन टक्के लॅव्हेंडर आणि तीन टक्के दालचिनीच्या सालीचे तेल यांची त्वचेच्या दृष्टीने तुलनाच होऊ शकत नाही. मोजायचे ते तेलातील घटक. गवती चहाच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग सिट्रल असते, म्हणजे आपल्या साबणात ते साधारण एक टक्का झाले. लवंगेच्या तेलात युजेनॉल ७० ते ९० टक्के असते. ८० धरले तरी साबणात ०.६५ टक्का. युरोपीय संघाच्या नियमानुसार धुऊन टाकायच्या उत्पादनात यांपैकी कोणताही घटक ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर त्याचे नाव वेष्टनावर छापावे लागते. ही सुरक्षिततेची मर्यादा नव्हे, ज्यांना आधीच अॅलर्जी आहे त्यांना सावध करण्याची रेषा आहे. पण आपला साबण तिच्या पुष्कळ पलीकडे आहे हे लक्षात यावे म्हणून लिहिले.

तीन आठवड्यांनंतर त्रास का झाला, याचे उत्तर अॅलर्जीच्या स्वरूपात आहे. सोड्याने किंवा तीव्र साबणाने होणारा दाह पहिल्याच दोन-चार वापरांत आणि बहुतेकांना कमी-अधिक जाणवतो. संपर्काची अॅलर्जी तशी नसते. शरीर आधी त्या पदार्थाला ओळखायला शिकते, त्याला दिवस किंवा आठवडे लागतात, आणि त्या काळात बाहेर काहीच दिसत नाही. एकदा ओळख पटली की पुढच्या प्रत्येक संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी पुरळ उठते. आपल्याकडे एकदाच हात धुतल्यावर दुसऱ्या संध्याकाळी पुरळ आले, हा तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. दुर्दैवाने ही ओळख पुसली जात नाही.

साबण धुऊन जातो हे खरे, आणि त्यामुळेच साबणासाठीच्या मर्यादा क्रीमपेक्षा सैल असतात. पण पाटल्यांखाली आणि अंगठीखाली फेस अडकून वाळतो; तेथे तो तासन्‌तास त्वचेला चिकटून राहतो. पुरळ नेमके तेथेच का सुरू झाले हे त्यावरून कळते.

मोगऱ्याची बाटली वापरू नये. आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना, म्हणजे इफ्रा, प्रत्येक प्रकारच्या उत्पादनासाठी मर्यादा ठरवते. आंघोळीचा साबण तिच्या नवव्या वर्गात येतो. चांगला पुरवठादार त्या सुगंधाचे इफ्रा प्रमाणपत्र देतो आणि त्यात नवव्या वर्गापुढे जास्तीत जास्त किती टक्के हे लिहिलेले असते. मेणबत्तीचा बारावा वर्ग वेगळा. तेथे १०० टक्के लिहिलेले असले तरी साबणासाठी त्याचा काही उपयोग नाही.

प्रतिसाद : शिकेकाई

मला त्या मुगाएवढ्या ठिपक्यांबद्दल बोलायचे आहे. युजेनॉलमुळे मिश्रण झटकन आवळते, हा लवंगेचा ठरलेला स्वभाव आहे. ते आवळले की सुगंधी तेल सगळीकडे सारखे पसरत नाही आणि कप्प्याकप्प्यांत साठते. म्हणजे सरासरी २.८ टक्के असली तरी एखाद्या वडीच्या एका भागात ती कितीतरी अधिक असू शकते. अशा घट्ट मिश्रणात सोड्याचेही कप्पे राहतात, म्हणून विचारते : जीभ आपण फक्त कोपऱ्याला लावलीत की ठिपक्यांच्या जागीही? आणि संत्र्याचे तेल किती जुने होते?

तेलाचे वय विचारण्याचे कारण असे. संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असते. ताजे लिमोनीन त्वचेला फारसे बाधत नाही, पण हवेशी संयोग होऊन त्याची हायड्रोपेरॉक्साइडे बनतात आणि ती अॅलर्जी निर्माण करण्यात पुष्कळ पुढे असतात. लॅव्हेंडरमधल्या लिनलूलचेही तसेच. म्हणून अशी तेले लहान, गडद काचेच्या, काठोकाठ भरलेल्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवावीत आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी. 'नैसर्गिक आहे, त्यामुळे बाधणार नाही' ही समजूत आपल्याकडे तरी टिकायला नको. बिब्बाही नैसर्गिकच आहे, आणि तो उतला की काय होते ते आपल्या आजीला विचारावे.

जाता जाता आणखी एक. उटण्याचा साबण करताना काही जण बावचीची पूड घालतात. बावचीत सोरॅलेन असते, आणि ते त्वचेवर राहून ऊन लागले तर भाजल्यासारखे डाग पडू शकतात. कोडावरच्या उपचारात तिचा उपयोग नेमका याच गुणासाठी होतो. साबणात ती घालू नये.

बाळासाठी ठेवलेल्या वड्या मात्र आजच परत घ्याव्यात. सात महिन्यांच्या बाळाला सुगंधी साबणाची कसलीच गरज नसते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बाळासाठीच्या वड्या काल संध्याकाळीच भाचीकडे फोन करून थांबवल्या. त्या अजून दिल्या गेल्या नव्हत्या.

ठिपके असलेली एक वडी शोधून, मधोमध कापून, पाच ठिकाणी जीभ लावली. चटका कोठेही बसला नाही, फक्त एका जागी लवंगेची चव लागून जीभ बधिर झाल्यासारखी वाटली. म्हणजे सोडा नव्हे, तेलच साठले होते. संत्र्याची बाटली दोन वर्षांपूर्वीची निघाली. ती अर्धी रिकामी होती आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हात उभी असे. आता उघडून वास घेतला तर संत्र्याऐवजी टर्पेंटाइनसारखा वास येतो. तो सप्टेंबरमध्येही येत असणार, पण लवंगेच्या वासापुढे मला तो जाणवला नाही.

प्रतिसाद : गवला कचरी

जाऊबाईंना त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्टसाठी घेऊन जावे. माझी झाली आहे, म्हणून सांगतो. पाठीवर छोट्या चकत्यांखाली वेगवेगळे पदार्थ चिकटवतात, दोन दिवस पाठीला पाणी लागू द्यायचे नसते, मग चकत्या काढून एकदा आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. त्यात सुगंधांची दोन वेगवेगळी मिश्रणे असतात. पहिल्या मिश्रणात युजेनॉल आहे, पण सिट्रल नाही. ते दुसऱ्या मिश्रणात येते. म्हणून दोन्ही मिश्रणे तपासता येतील का हे आधी विचारावे, नाहीतर गवती चहा निर्दोष आहे असा चुकीचा निष्कर्ष निघेल. साबणाची वडी आणि तिन्ही बाटल्या बरोबर न्याव्यात. घरी मात्र तेल तसेच्या तसे हातावर लावून पाहू नये. न मिसळलेल्या तेलाने नवीन अॅलर्जी जडू शकते, आणि साबण झाकून ठेवला तर तो कोणाच्याही त्वचेला चुरचुरतो, त्यातून काहीच कळत नाही.

धागाकर्ती

तीन आठवड्यांनंतर लिहीत आहे. जाऊबाईंची तपासणी झाली. पहिल्या मिश्रणाच्या जागी चौथ्या दिवशी ठळक लाल, उंचवटा आलेला चट्टा होता. डॉक्टरांनी मिश्रणातले घटक सुटे करून पुन्हा तपासले तेव्हा युजेनॉल निघाले. दुसरे मिश्रण निर्दोष आले. संत्र्याच्या शिळ्या तेलाची वेगळी तपासणी तेथे होत नव्हती, त्यामुळे त्याला मी निर्दोष म्हणत नाही; बाटली टाकून दिली आहे.

डॉक्टरांनी त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगितली, ती येथे नोंदवते कारण ती मला माहीत नव्हती. युजेनॉल काही टूथपेस्टमध्ये, दुखऱ्या सांध्यांना लावायच्या मलमांत आणि दातांचे डॉक्टर वापरतात त्या एका प्रकारच्या सिमेंटमध्येही असते. जाऊबाईंची दाढ पुढच्या महिन्यात भरायची आहे, त्यामुळे त्यांनी दवाखान्यात आधीच सांगून ठेवले.

दिवाळीला साबण दिलेल्या अकराही घरी फोन केले. सात घरांतून वड्या परत आल्या, चार घरी संपल्या होत्या. साबण किसून पुन्हा वितळवला तरी तेल त्यातच राहते, म्हणून उरलेल्या सगळ्या वड्या कोणालाही न देता बाजूला काढल्या आहेत. मागच्या रविवारी तीच कृती सुगंधाशिवाय केली. मिश्रण शेवटपर्यंत सैल राहिले आणि वड्या एकसारख्या पांढऱ्या निघाल्या. यापुढे प्रत्येक वडीबरोबर कागदाची पट्टी द्यायची आणि तिच्यावर तारीख व सर्व घटक, सुगंधी तेल असल्यास त्याच्या वजनासह, लिहायचे असे ठरवले आहे.

एक विनंती उरली आहे. लॅव्हेंडरचे तेल एक टक्क्याच्या आत ठेवून लहानशी बॅच करून पाहावी असे मनात आहे, पण पन्नास किंवा शंभर ग्रॅमच्या खरेदीवर नवव्या वर्गाचे प्रमाणपत्र आणि घटकांची यादी देणारा पुरवठादार मला पुण्यात मिळालेला नाही. तिघांनी किलोच्या खाली कागद देत नाही म्हणून सांगितले. कोणाला असा पुरवठादार ठाऊक असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.