शौचाला रक्त पडतं, पण दुखत नाही: दाखवायचं नेमकं कुणाला?

रावेरकर
राम राम मंडळी. वडिलांचं वय ५८. दोन महिन्यांपासून शौचाला अधूनमधून लाल रक्त पडतंय, दुखत अजिबात नाही. जळगाव-भुसावळकडे पाट्या बघाव्या तर कुणी प्रॉक्टोलॉजिस्ट, कुणी लेसर सर्जन, कुणी क्षारसूत्र तज्ज्ञ, तर कुठे ‘बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनात मूळव्याध साफ’. यातला नेमका डॉक्टर कोण? तपासणीत काय करतात? वडील लाजतात, म्हणून आधी समजून घ्यायचंय. हृदयासाठी ॲस्पिरिनची गोळी रोज चालू आहे.

शल्यविभाग_धुळे
भाऊ, प्रॉक्टोलॉजी म्हणजे गुदद्वार आणि गुदाशय यांच्या आजारांची शाखा: मूळव्याध, फिशर (गुदद्वाराची चीर), भगंदर (गुदमार्गातून बाजूच्या कातडीपर्यंत गेलेली पुवाची वाट), गळू, गुदभ्रंश, गुदाशयाचा कर्करोग. लंडनला १८३५ मध्ये याच आजारांसाठी वेगळं रुग्णालय निघालं, ते आजचं सेंट मार्क्स. आपल्याकडे यातलं बहुतेक काम जनरल सर्जन करतात. पाटीवर बाकी काय लिहिलंय ते सोडा, पदवी वाचा. एमएस जनरल सर्जरी किंवा डीएनबी म्हणजे एमबीबीएसनंतर तीन वर्षं शस्त्रक्रियेचं शिक्षण. त्यापुढे कोलोरेक्टल (मोठं आतडं-गुदाशय) सर्जरीची फेलोशिप किंवा गॅस्ट्रो सर्जरीचं एमसीएच. आयुर्वेदात एमएस शल्यतंत्र. या पदव्युत्तर वैद्यांना ठरावीक ३९ शस्त्रक्रिया करता येतात, असं २०२० च्या अधिसूचनेत स्पष्ट केलंय. एमबीबीएसवाल्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, वैद्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. पाटीवर ना पदवी ना नोंदणी क्रमांक, तर पायरी चढू नका.

त्या इंजेक्शनाचं नीट ऐका. खरं इंजेक्शन असतं: तेलातलं ५ टक्के फिनॉल, मूळव्याधीच्या कोंबाच्या (सुजलेल्या गाठीच्या) मुळाशी, अस्तराच्या लगेच खाली. सुई जास्त खोल गेली की पुरुषांमध्ये प्रोस्टेटला इजा होते, पू होतो. आणि बाटलीत काय आहे हे न सांगता टोचलेलं तीव्र औषध अस्तरच जाळतं; जखम आकसत भरते आणि शौचाची वाट करंगळीएवढीही उरत नाही. मग मोठी शस्त्रक्रिया.

दुर्बीण_कक्ष
वडिलांच्या बाबतीत मला ‘दुखत नाही’ हेच महत्त्वाचं वाटतं. गुदमार्गात साधारण दोन सेंटीमीटर आत एक सीमारेषा आहे. तिच्या वरच्या अस्तराला कापल्या-टोचल्याची जाणीव नसते, खालच्या त्वचेला भरपूर असते. म्हणून आतली मूळव्याध न दुखता टपटप रक्त देते आणि खालची फिशर काच फिरवल्यासारखी दुखते. पण गुदाशयाची गाठही सुरुवातीला न दुखताच रक्त देते. ५८ व्या वर्षी ‘मूळव्याधच असेल’ म्हणून मलम लावत बसू नये. रक्त विष्ठेत मिसळलेलं, आव पडणं, शौचाची सवय बदलणं, पोट साफ न झाल्यासारखं वाटत राहणं, वजन किंवा हिमोग्लोबिन उतरणं, यातलं एक जरी असलं तरी लवकर गाठा.

तपासणी पाचेक मिनिटांची. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, वर चादर असते. आधी नुसतं बघणं, मग जेली लावून बोट, मग प्रॉक्टोस्कोप ही छोटी नळी. फिशर फारच दुखत असेल तर बोट-नळी त्या दिवशी टाळतात. प्रॉक्टोस्कोप शेवटचे तीन-चार इंचच दाखवते, म्हणून या वयात कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने पूर्ण मोठं आतडं बघणं) सांगतीलच.

तिची तयारी बिघडली तर सगळं वाया. दोन-तीन दिवस आधी बियांचं बंद: पेरू, टोमॅटो, आणि हो, वांग्याचं भरीतसुद्धा, बिया दुर्बिणीच्या नळीत अडकतात. लोहाच्या गोळ्या ५ ते ७ दिवस आधी थांबवतात. पोट साफ करायची पावडर साधारण २ लिटर पाण्यात, निम्मी संध्याकाळी, निम्मी पहाटे, दर १५ मिनिटांनी ग्लासभर. शेवटी पिवळसर, स्वच्छ पाणी पडलं पाहिजे. ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. तपासणीसाठी ती बहुधा चालूच ठेवतात. मात्र मूळव्याधीच्या कोंबाला आवळून गळवणारा रबर बँड लावायचा ठरला तर गोळीचं आधी सांगा, कारण बँड गळतो तेव्हा, आठवडा-दीड आठवड्याने, रक्तस्राव होऊ शकतो.

रावेरकर
हे कुणीच एवढं सांगितलं नव्हतं. क्षारसूत्र मूळव्याधीलाही चालतं का?

शल्यतंत्र_नंदुरबार
क्षारसूत्र म्हणजे औषधाचे लेप दिलेला दोरा. कोंब बांधायला वापरतात, पण त्याचं खरं काम भगंदरात. दोऱ्यावर थोराच्या चिकाचे ११ लेप, मग चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे ७, शेवटी चीक-हळदीचे ३. एकूण २१, प्रत्येक लेप वाळवून. सळईने दोरा मार्गातून काढून बाहेर गाठ मारतात. दर आठवड्याला जुन्या दोऱ्याला नवा बांधून ओढून घेतात. आठवड्याला साधारण १ सेंटीमीटर मार्ग कापला जातो आणि मागून भरत येतो, त्यामुळे शौच रोखणारा स्नायू एकदम तुटत नाही. चुकतं ते दोन ठिकाणी: सळई जोर लावून खोट्या वाटेने घालणं आणि फाटे असलेल्या भगंदरात एमआरआय न करताच दोरा टाकणं. एक फाटा राहिला की पू पुन्हा येतो. साखर वाढलेली असेल तर आधी ती आटोक्यात आणा. वडिलांना आधी निदान, दोऱ्याचा प्रश्न नंतर.

आहार_खान्देश
तोवर घरी: इसबगोल २ चमचे, पूर्ण ग्लास पाण्यात, फुगायच्या आत पिऊन टाका. पाणी कमी पडलं तर तेच घट्ट होऊन अडवतं. हृदयाच्या डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर त्यांना विचारूनच. कळण्याची भाकरी आणि पालेभाजी चालूच ठेवा. ठेच्याने मूळव्याध होत नाही, पण आग वाढते. शौचाला पाच मिनिटांहून जास्त बसू नये, कुंथू नये. आग होत असेल तर कोमट पाण्याच्या टबात १० ते १५ मिनिटं बसवा. त्यात डेटॉल टाकू नका, कातडी भाजते. स्टिरॉइडचं मलम सल्ल्याशिवाय आठवड्यापुढे नको.

शल्यविभाग_धुळे
खर्चाची अडचण असेल तर जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सा विभागाची ओपीडी गाठा, सकाळी लवकर. चालू गोळ्यांची पाकिटं, जुना ईसीजी आणि हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट सोबत ठेवा. घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल तर कितव्या वर्षी झाला तेही लिहून न्या. आणि एकदम खूप रक्त पडलं, चक्कर आली किंवा काळी डांबरासारखी शौच झाली, तर ओपीडीची वाट न बघता थेट अपघात विभागात न्या.