समुद्राजवळ गाडी असते, गंजाचं काय करू?

वेंगुर्लेकर: घर किनाऱ्याला लागूनच. पाच वर्षांची हॅचबॅक, शेड नाही, माडाखाली कव्हर घालून ठेवतो. दरवाजाच्या खालच्या कडेला रंग फुगलाय. वॉशिंग सेंटरवाला म्हणतो, अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या खालच्या पत्र्यावर गंजरोधक थर) करून टाका. करू का? आणि घरी धुवायला काय वापरता?

खारा_वारा: इतक्यात नको. गंजावरच कोटिंग मारलं तर ओल आत कोंडते, वरून काळंभोर आणि खाली पत्रा खाल्ला जातोय. रंग बहुतेक आतून फुगलाय. काचेच्या फटीतून दरवाजात उतरलेलं पाणी तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. ती मातीने बुजली की पाणी तिथेच साठतं. प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा, तारेने रंग खरवडेल. वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळाही काढा.

जांभा: आधी ते कव्हर काढा हो! ओल्या गाडीवर कव्हर म्हणजे आत नुसती वाफ.

वेंगुर्लेकर: आणि वरून झावळ पडली तर?

जांभा: माडाखालून हलवाच. बाजूंनी उघडी, वारा खेळेल अशी साधी पडवी पुरते.

माहेर_मालवण: कपड्यांची पावडर, भांड्यांचं लिक्विड नको, वॅक्स निघून जातं. कार शाम्पूच घ्या. वेळ कमी असेल तर वरची चकाकी राहू दे, मडगार्डच्या आत आणि गाडीखाली पाण्याचा जोरदार फवारा मारा. मीठ आणि लाल चिखल तिथेच चिकटून बसतात. विहीर मचूळ असेल तर त्या पाण्याने मात्र धुवू नका, नळाचं वापरा.

खारा_वारा: फुगलेला भाग पॉलिश पेपरने स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत घासा, मग प्रायमर, मग टचअप. खाचांत घट्ट गंज उरलाच तर प्रायमरआधी रस्ट कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारं द्रव्य). आरपार भोक असेल तर डेंटरकडून पत्रा कापून नवा जोडून घ्या. नुसती लांबी (पुट्टी) भरून देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून निघा. दरवाजाच्या आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) मारता येतं. कोटिंग एप्रिल-मेमध्ये, गाडी खालून धुऊन, गंज काढून, पूर्ण वाळल्यावर. तेव्हा समोर उभे राहा, घाईत पाणी जायची भोकंही बुजवतात. सायलेन्सर आणि ब्रेकवर उडू देऊ नका.

वेंगुर्लेकर: भोकं तपासली. डावीकडची दोन्ही गच्च भरलेली, काडी घातल्यावर गढूळ पाणी आलं! कुडाळ-सावंतवाडीकडे नीट काम करणारा डेंटर आहे का कोणी?

जांभा: कुडाळात आहे एक. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.