लॉर्ड ऑफ द रिंग्ज: लांब आवृत्ती लावायची की थिएटरची? आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-३०२: नमस्कार मंडळी. पोरांना सुट्ट्या लागल्यात आणि ह्या उन्हात दिवसा कुठं जायची सोय नाही. शनिवारपासून रात्री जेवणं झाल्यावर आमच्या हॉलमध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग लावतोय, टॉल्किन यांच्या कादंबरीवरचे सिनेमे. ज्यांना यायचंय त्यांनी या. माझ्याकडे थिएटरमध्ये आलेली आवृत्तीही आहे आणि नंतर डिस्कवर आलेली एक्स्टेंडेड, म्हणजे जादा प्रसंगांची लांब आवृत्तीही. कुठली लावू, सांगा.

सी-२०१: दादा, थिएटरचीच. बरेच जण पहिल्यांदा बघणार आहेत. एक्स्टेंडेड बघून निम्मे लोक पहिल्याच दिवशी उठून जातील.

ए-१०४: मी येणार. मी पूर्वी टीव्हीवर हिंदीत तुकड्या-तुकड्यात पाहिलाय, सलग कधीच नाही. दोन्हींत फरक किती मिनिटांचा आहे?

बी-३०२: सर, पहिल्या भागात साधारण ३०, दुसऱ्यात ४३, तिसऱ्यात ५० मिनिटं जादा आहेत. तिसरा भाग थिएटरमध्येच तीन तास वीस मिनिटांचा होता, लांब आवृत्तीत तो चार तासांच्या वर जातो. शिवाय शेवटी त्यांच्या फॅन क्लबच्या सभासदांची नावं बराच वेळ सरकत राहतात, ती आपण बघणार नाही.

ए-२०४ (सचिव): उद्या सकाळी ६ ते ८ पाणी येणार आहे. सर्वांनी टाक्या भरून घ्याव्यात. मोटर कुणी चालू ठेवून जाऊ नये.

बी-१०३: चार तास?? दादा, माझी धाकटी साडेनऊला झोपते.

बी-३०२: वहिनी, म्हणूनच लांब आवृत्ती म्हणतोय. ती डिस्कवर मुळातच दोन भागांत आहे. पहिल्या चित्रपटाची पहिली डिस्क एल्फ लोकांच्या रिव्हेंडेलमधल्या सभेपाशी संपते, अंगठी नष्ट करायला नऊ जण एकत्र निघायचं ठरतं तिथं. रात्री आठला लावलं तर पावणेदहाच्या आत मोकळे. उरलेलं दुसऱ्या दिवशी. पारायणासारखं, रोज थोडं थोडं. थिएटरचा तीन तासांचा सिनेमा मात्र मध्येच थांबवला की अर्धवट तुटल्यासारखा वाटतो, तो एका बैठकीतच बघायचा असतो.

सी-२०१: पण दिग्दर्शक पीटर जॅक्सन स्वतःच म्हणतात की थिएटरची आवृत्ती हीच मुख्य, लांब आवृत्ती चाहत्यांसाठी. आणि तिसऱ्या भागाला २००४ मध्ये ११ नामांकनांपैकी ११ ऑस्कर मिळाले ते थिएटरच्याच आवृत्तीला. त्यात कमी काय होतं?

बी-३०२: ऑस्करबद्दल वादच नाही. पण दुसऱ्या भागात एक माणूस थिएटरच्या आवृत्तीत नीट कळत नाही. फारामीर, गोंडोर राज्याच्या कारभाऱ्याचा धाकटा मुलगा. पुस्तकात तो त्या जादूच्या अंगठीचा मोह टाळतो. सिनेमात मात्र अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोला धरून तो ऑसगिलिअथ शहरात घेऊन जातो. पुस्तक वाचलेल्यांना २००२ साली हे फार टोचलं. थिएटरमध्ये तो आपल्याला एक कठोर सेनापती वाटतो, बस. लांब आवृत्तीत मागचा एक प्रसंग येतो. ऑसगिलिअथ परत जिंकलंय, दोघं भाऊ खुशीत आहेत, तेवढ्यात वडील डेनेथॉर येतात. सगळं कौतुक थोरल्या बोरोमिरचं. धाकट्याकडे नजरही धड नाही. अंगठी आणायला बोरोमिरला पाठवायचं ठरतं, त्याला स्वतःला जायचं नसतं. फारामीर म्हणतो मी जातो, तर वडील त्याला टोमणा मारतात की आता ह्याला आपली योग्यता दाखवायची संधी हवी आहे.

बी-३०२: आणि अंगठी हाती लागण्याची वेळ येते तेव्हा फारामीर बापाचे तेच शब्द स्वतःशी म्हणतो. थिएटरमध्ये ते वाक्य आहे, पण ते आलं कुठून हे दाखवलेलंच नाही. लांब आवृत्ती बघितल्यावर कळतं की तो लोभापायी नाही, बापाने एकदा तरी पाठ थोपटावी म्हणून फ्रोडोला नेतोय. मग शेवटी तो त्याला सोडून देतो, त्याची किंमत किती मोठी आहे ते समजतं. पहिल्या भागात अंगठीपायी घसरलेल्या बोरोमिरबद्दलही मत बदलतं. एवढ्या एका प्रसंगासाठी मी दुसरा भाग कधीच छोटा बघणार नाही.

ए-१०४: हे फार महत्त्वाचं सांगितलंत. घरात दोन मुलगे असणाऱ्या प्रत्येक बापाने पाहावा असा प्रसंग दिसतोय.

सी-२०१: फारामीरचं मान्य. दुसरा भाग लांब लावा, माझी हरकत नाही.

बी-१०३: त्या राजाची भाची एओविन, तिला जास्त काही आहे का? मी दोन भाग पाहिलेत, मला ती सगळ्यांत आवडते.

बी-३०२: आहे. दुसऱ्या भागात राजपुत्र थिओड्रेडच्या अंत्यविधीला ती गाते, थिएटरमध्ये ते नव्हतं. आणखी एक छान जागा म्हणजे राजगादीचा वारस असलेल्या अरागॉर्नला ती स्वतः केलेलं कालवण आणून देते. ते बिघडलंय, पण तो बिचारा तिचं मन राखायला खातो, आणि बोलता बोलता कळतं की त्याचं वय ८७ आहे. तिसऱ्यात तिची आणि फारामीरची औषधगृहात भेट होते. थिएटरमध्ये युद्धात एवढा मोठा पराक्रम केल्यावर ती गायबच होते आणि एकदम राज्याभिषेकाला फारामीरच्या शेजारी उभी दिसते.

बी-१०३: म्हणजे मधलं सगळं कापलं? मग लांबच लावा. तिसराही.

सी-२०१: वहिनी, तिसऱ्याबद्दल थांबा. तिथं जादा प्रसंगांनी नुकसानही केलंय. थिएटरमध्ये काळ्या शिडांची जहाजं किनाऱ्याला लागतात, शत्रूचे सैनिक आपलीच मदत आली म्हणून निवांत असतात, आणि जहाजातून अरागॉर्न उडी मारतो. अंगावर काटा येतो. लांब आवृत्तीत आधीच दाखवलंय की मृतांचं सैन्य त्याच्या बाजूला आलं आणि त्याने जहाजं अडवली. मग उडी मारली तरी धक्का कसला? दुसरं म्हणजे शत्रूचा सरदार विच-किंग जादूगार गँडाल्फची काठी फोडतो. गँडाल्फ मरणातून परत आलाय, आधीपेक्षा सामर्थ्यवान होऊन. पुस्तकात ते दोघं शहराच्या दरवाज्यापाशी समोरासमोर येतात, काठी कुणी फोडत नाही. हे मला पटतच नाही.

बी-३०२: जहाजांबद्दल तू शंभर टक्के बरोबर आहेस. काठीचंही. पण तिसऱ्यात दुष्ट जादूगार सारुमान आहे ना! थिएटरच्या तिसऱ्या भागात क्रिस्टोफर ली यांचा सारुमान दिसतच नाही. दोन भाग ज्याने उभे केले तो मनोऱ्यात बंद आहे असं सांगून विषय संपवला. ली यांनी नाराजी उघडपणे बोलून दाखवली होती, आणि ते बरोबरच होतं. ह्या पुस्तकांवर त्यांचं आयुष्यभर प्रेम होतं, स्वतः टॉल्किन यांना ते भेटले होते. लांब आवृत्तीत तो मनोऱ्यावरून बोलतो, आणि त्याचाच नोकर ग्रिमा त्याला पाठीमागून भोसकतो. पुस्तकातही तो ग्रिमाच्याच हातून मरतो, फक्त शेवटी, फ्रोडोच्या मुलखात, शायरमध्ये.

बी-४०१: मी सहसा सिनेमा बघत नाही, पण ह्या संचात सिनेमा कसा बनवला त्याच्या डिस्क आहेत असं ऐकलं. त्या दाखवाल का? आमचं घर यंत्रमागाचं. कापड कसं केलं ते बघायचंय.

बी-३०२: आजोबा, तुम्ही या हो, त्या डिस्क जुन्या संचात आहेत, तुमच्यासाठी त्या लावू. अंगठीच्या सोबत्यांना एल्फ लोक जे करडे झगे देतात, त्यांचं कापड न्यूझीलंडमधल्या स्टॅन्सबरो नावाच्या ठिकाणी करड्या मेंढ्यांच्या लोकरीचं विणलंय. आणि चिलखतं बघाल तर थक्क व्हाल. प्लॅस्टिकच्या पाइपाच्या कड्या कापून लाखोंनी हाताने जोडल्यात.

बी-४०१: हाताने? मग येतो. विणकराला हे कळतं, कॅमेऱ्यात कड्या नीट दिसल्या नाहीत तरी अंगावर वजनाने कापड कसं पडतं त्यावरून सगळं ओळखता येतं. आमच्याकडे चादरीचा काठ कसा बसलाय ते हात न लावता सांगायचे लोक.

सी-२०१: दादा, कुठली डिस्क आहे? २०११ च्या ब्लू-रेत पहिल्या भागाला हिरवट झाक आहे, त्यावरून बरीच ओरड झाली होती.

बी-३०२: नाही, सिनेमे २०२० च्या ४के (जास्त स्पष्ट चित्राच्या) संचातले आहेत. रंग स्वच्छ आहेत.

ए-१०४: तिसऱ्या भागात मुख्य शत्रूचा, ‘सॉरॉनचा दूत’ म्हणून कुणी आहे का? नातू काल म्हणत होता.

सी-२०१: सर, तो फक्त लांब आवृत्तीत आहे. सॉरॉनच्या राज्याच्या दाराशी येतो, फ्रोडोचा मिथ्रिल ह्या दुर्मिळ धातूचा अंगरखा दाखवतो आणि म्हणतो तो हाल हाल होऊन मेला. अरागॉर्न घोडा पुढं घालून त्याचं डोकं उडवतो.

ए-१०४: दूताचं? हे बरोबर नाही. लंकेत हनुमंताला धरून आणलं तेव्हा रावण त्याला मारायला निघाला होता. बिभीषणाने अडवलं, की दूत अवध्य असतो. रावणाच्या दरबारातसुद्धा तो नियम होता. आणि ज्याला राजा व्हायचंय त्याने तो मोडायचा?

बी-३०२: सर, पुस्तकात अगदी हाच मुद्दा आहे. तिथं तो दूत घाबरून म्हणतो की मी दूत आहे, माझ्यावर हल्ला करता येत नाही. आणि गँडाल्फ त्याला जिवंत परत पाठवतो, फक्त त्याच्या हातातल्या वस्तू काढून घेतो. सिनेमात अरागॉर्न घसरलाय असं माझंही मत आहे. आख्ख्या तीन भागांत मला सगळ्यांत खटकलेली जागा हीच.

सी-२०१: पण त्या प्रसंगाने एक गोष्ट साधलीय. त्यानंतर अरागॉर्न वळून “फ्रोडोसाठी” म्हणतो आणि एकटा धावत सुटतो. थिएटरमध्ये ते शौर्याचं वाक्य आहे. लांब आवृत्तीत हे सगळे फ्रोडो मेला असावा ह्या भीतीने पछाडलेत, तरी धावतायत. त्या वाक्याचं वजन दुप्पट होतं. मी मघापासून थिएटरची बाजू घेतोय, पण ही जागा मला लांब आवृत्तीतच आवडते.

ए-१०४: मग वगळू नका. दाखवा, आणि नंतर बसून बोलू. मुलांनाही विचारू, त्यांना काय वाटलं.

बी-३०२: ठरलं तर. पहिला आणि दुसरा लांब. तिसराही लांब, पण जहाजं अडवण्याचा प्रसंग मी रिमोटने पुढं ढकलतो, म्हणजे नवीन बघणाऱ्यांची उडीची मजा जाणार नाही. तो प्रसंग सिनेमा संपल्यावर वेगळा लावू. काठीचं काही करता येणार नाही, ते लढाईत फार गुंतलंय.

सी-२०१: हे चालेल. उडीच्या वेळी कुणी आधी बोलू नका फक्त, विशेषतः ज्यांनी पाहिलाय त्यांनी.

बी-१०३: मी शेंगा चटणी आणि कडक भाकरी आणते. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा हो, मला उच्चार पटकन कळत नाहीत.

बी-३०२: ठेवतो वहिनी. एल्फांच्या भाषेतली वाक्यं तर सगळ्यांनाच सबटायटलनेच कळणार. संगीतासाठी आवाज थोडा मोठा लागेल, हॉवर्ड शोअर यांनी जादा प्रसंगांसाठी नव्याने संगीत केलंय, ते ऐकण्यासारखं आहे. दहाच्या आत बंद करू.

ए-२०४ (सचिव): दहाच्या आत असेल तर काही अडचण नाही. खुर्च्या कमी पडल्या तर सोसायटीच्या घ्या, वॉचमनकडे किल्ली आहे. मीही येतो, फारामीरचा तो प्रसंग ज्या दिवशी असेल त्या दिवशी आधी कळवा.